यंत्राला चुकू द्या म्हणणारा गणिती

मद्रास इलाख्याच्या उत्तर टोकाला, आज ओडिशात मोडणाऱ्या गंजाम जिल्ह्यातील छत्रपूर येथे ज्युलियस मॅथिसन ट्युरिंग हे आयसीएस अधिकारी १९११ मध्ये नेमणुकीवर होते. त्यांच्या पत्नी एथेल सारा यांचे हिंदुस्थानशी नाते आणखी जुने. त्यांचा जन्म दक्षिणेतल्या पोदनूरचा आणि वडील एडवर्ड स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. या दांपत्याचा थोरला मुलगा जॉन निलगिरीतल्या कुन्नूरला जन्मला. धाकट्याच्या वेळी मात्र दोघांनी इंग्लंड गाठले आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये अ‍ॅलनचा जन्म झाला. संगणकाने विचार करावा, शिकावे, निर्णय घ्यावा, या आज घरोघरी पोहोचलेल्या कल्पनेचा पाया ज्यांनी घातला, ते हे अ‍ॅलन ट्युरिंग.

वडिलांची चाकरी संपली नव्हती. हिंदुस्थानची हवा मुलांना मानवणार नाही, ही तेव्हाच्या गोऱ्या कुटुंबांची सार्वत्रिक समजूत. त्यामुळे जॉन आणि अ‍ॅलन यांना इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका निवृत्त लष्करी दांपत्याकडे ठेवून आईवडील मद्रास इलाख्यात परतले. आई अधूनमधून येई, पुन्हा जाई. मुलगा एकलकोंडा, विसराळू, अक्षर वाईट, पण आकड्यांत रमणारा निघाला. १९२६ मध्ये शेरबॉर्नच्या निवासी शाळेत दाखल व्हायच्या दिवशीच देशभर सार्वत्रिक संप होता, गाड्या बंद होत्या. तेरा वर्षांचा अ‍ॅलन साउदॅम्प्टनच्या बंदरावर उतरला आणि सायकल दामटत जवळपास ९५ किलोमीटर तुडवून, वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून शाळेत हजर झाला. शाळेला त्याचे कौतुक वाटले, पण ते तेवढ्यापुरतेच. अभिजात भाषा आणि शिस्त यांना प्रमाण मानणाऱ्या त्या शाळेला हा विद्यार्थी कधी उमगलाच नाही.

तेथे त्याला एकच जिवाभावाचा मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. दोघे मिळून खगोलशास्त्र, रसायनशास्त्र यांवर तासन् तास बोलत. लहानपणी दूषित दुधातून जडलेल्या क्षयाने ख्रिस्तोफर १३ फेब्रुवारी १९३० रोजी गेला. अ‍ॅलन तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढची काही वर्षे तो ख्रिस्तोफरच्या आईला पत्रे लिहीत राहिला. शरीर गेल्यावर मनाचे काय होते, मन आणि जड पदार्थ यांचा सांधा कोठे असतो, हे प्रश्न त्या पत्रांत पुनःपुन्हा येतात. यंत्राच्या बुद्धीबद्दलचे त्यांचे सारे चिंतन या एका मृत्यूतून उगवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मन म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी कोरडा तात्त्विक प्रश्न कधीच नव्हता, एवढे निश्चित.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ते १९३१ मध्ये आले आणि १९३५ मध्ये, अवघ्या बावीसाव्या वर्षी, तेथील फेलो झाले. त्या काळी जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी मांडलेला एक प्रश्न गणितज्ञांना छळत होता. तर्कशास्त्राच्या भाषेत मांडलेले कोणतेही विधान सिद्ध होऊ शकते की नाही, हे ठरविण्याची एखादी ठरीव, यांत्रिक पद्धत अस्तित्वात आहे काय? यांत्रिक पद्धत म्हणजे नेमके काय, हेच आधी कोणी नीट सांगितले नव्हते. ट्युरिंग यांनी तेथूनच सुरुवात केली.

तेव्हा इंग्रजीतील कॉम्प्युटर या शब्दाचा अर्थ होता कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणारा माणूस. असा कारकून प्रत्यक्षात काय करतो? चौकटीतले चिन्ह पाहतो, डोक्यातील नियमाप्रमाणे ते खोडतो किंवा नवे लिहितो आणि शेजारच्या चौकटीकडे वळतो. ट्युरिंग यांनी कागदाच्या जागी चौकटींची लांबच लांब पट्टी कल्पिली आणि कारकुनाच्या जागी एकेक चौकट वाचणारे, लिहिणारे, सरकणारे यंत्र. यापुढची पायरी खरी महत्त्वाची होती. एखाद्या यंत्राचे नियमच चिन्हांच्या रूपाने पट्टीवर लिहून दिले, तर ते वाचून दुसऱ्या कोणत्याही यंत्राची नक्कल करणारे एकच यंत्र शक्य आहे, असे त्यांनी दाखविले. काम बदलले की यंत्र बदलायचे नाही, सूचना बदलायच्या. आपल्या टेबलावरील संगणक आणि खिशातील मोबाइल याच तत्त्वावर चालतात. १९३६ मधील या निबंधाने हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. अमेरिकेतील अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या वाटेने तेच उत्तर थोडे आधी काढले होते. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ट्युरिंग यांनी प्रिन्स्टनला १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळविली. जॉन फॉन नॉयमन यांनी देऊ केलेली नोकरी नाकारून ते मायदेशी परतले.

युद्ध सुरू झाले आणि ४ सप्टेंबर १९३९ रोजी ट्युरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्तलेखन केंद्रात रुजू झाले. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राच्या मांडणीचे पर्याय इतके होते की, ती संख्या १५९ वर १८ शून्ये एवढी भरे. सगळे तपासणे अशक्य. पोलंडच्या मारियान रेयेव्स्की आणि सहकाऱ्यांनी युद्धापूर्वीच एनिग्माचे कोडे बऱ्याच अंशी सोडवून ते ज्ञान ब्रिटिशांच्या हाती दिले होते. पोलिश गणितज्ञांचे हे ऋण ट्युरिंग यांच्या कथेत बरेचदा झाकोळले जाते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवायला हवे. ट्युरिंग यांनी आखलेले आणि गॉर्डन वेल्चमन यांनी सुधारलेले ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र १९४० च्या मार्चपासून कामाला लागले. संदेशात अमुक शब्द असावेत, उदाहरणार्थ हवामानाचा ठराविक अहवाल, असा अंदाज त्याला पुरविला जाई. यंत्र एकेक गृहीतक धरी, त्यातून विसंगती निघाली की ते टाकून देई आणि उरलेल्या मोजक्या शक्यता माणसांपुढे ठेवी. सगळे न तपासता शहाणपणाने शोध घेणे हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे आजही मुख्य हत्यार आहे. युद्ध संपेपर्यंत अशी २०० हून अधिक यंत्रे बांधली गेली. ती चालविणाऱ्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

जर्मन नौदलाच्या संदेशांचे सर्वांत कठीण काम ट्युरिंग यांनी स्वतःकडे घेतले. अटलांटिकमधील पाणबुड्यांचा ठावठिकाणा त्या संदेशांत होता आणि ब्रिटनचे अन्न, तेल, दारूगोळा त्याच समुद्रातून येत होते. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा याच काळातल्या. परागकणांचा त्रास होऊ नये म्हणून गॅस मास्क चढवून सायकलवर फिरणे, चहाचा कप साखळीने बांधून ठेवणे, किती फेऱ्यांनंतर सायकलची चेन निसटते हे मोजून नेमक्या क्षणी उतरणे. चांदीच्या लगडी रानात पुरून ठेवल्या आणि नंतर त्यांना त्या सापडल्याच नाहीत. सहकारी जोन क्लार्क यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा वाङ्निश्चय झाला. आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्यांनी स्वतः होऊन जोन यांना सांगितले आणि काही महिन्यांनी ते लग्न मोडले. मैत्री मात्र टिकली.

फावल्या वेळात बुद्धिबळ चाले. डोनाल्ड मिकी नावाचा कोवळा तरुण आणि जॅक गुड हे गणिती यांच्याशी ट्युरिंग यांच्या गप्पा रंगत, त्या यंत्राला बुद्धिबळ शिकविता येईल का, यावर. भोवती महायुद्ध पेटलेले असताना या तिघांच्या डोक्यात अनुभवातून शिकणारे यंत्र घोळत होते.

युद्धानंतर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी ‘एस’ या संगणकाचा सविस्तर आराखडा तयार केला, पण सरकारी दिरंगाईत काम रखडले. २० फेब्रुवारी १९४७ रोजी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे त्यांनी व्याख्यान दिले. जमलेल्यांना यंत्राच्या वेगाची आणि स्मृतीची माहिती अपेक्षित असावी. ट्युरिंग बोलले ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. स्वतःच्या सूचना अनुभवानुसार बदलणारे यंत्र आपल्याला हवे आहे, असे त्यांनी सांगितले. जे यंत्र कधीही चुकता कामा नये, त्याच्याकडून बुद्धीची अपेक्षा धरता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. शिकणाऱ्या माणसाला आपण चुका करू देतो, शिक्षक देतो, सवड देतो. तीच सवलत यंत्राला द्यायला काय हरकत आहे? तोवर यंत्राची थोरवी त्याच्या अचूकपणात मानली जाई. ट्युरिंग यांनी ती समजूतच उलटी केली.

पुढच्या वर्षी लिहिलेल्या अहवालात त्यांनी हा विचार तडीस नेला. मानवी अर्भकाच्या मेंदूसारखी, आरंभी अस्ताव्यस्त जोडलेल्या साध्या घटकांची जाळी घ्यावी आणि शिकवणुकीने तिला वळण लावावे, अशी कल्पना त्यात आहे. आजची न्यूरल नेटवर्क ज्या वाटेने गेली तीच ही वाट. प्रयोगशाळेचे संचालक सर चार्ल्स डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादी डार्विन यांचे नातू, यांना हे लिखाण शाळकरी पोराच्या निबंधासारखे वाटले. अहवाल छापला गेला नाही. तो प्रकाशात यायला वीस वर्षे लागली, तेव्हा लेखक हयात नव्हता.

याच अहवालातील एक भाग आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. पुरता कृत्रिम माणूस घडवायचा तर त्याला डोळ्यांच्या जागी दूरचित्रवाणीचे कॅमेरे, कानांच्या जागी मायक्रोफोन, हालचालीसाठी चाके द्यावी लागतील आणि शिकण्यासाठी त्याला मोकळे रानोमाळ हिंडू द्यावे लागेल, असे ट्युरिंग लिहितात. आणि लगेच ती वाट बाजूला ठेवतात, कारण ती फार खर्चीक आणि संथ. त्यापेक्षा शरीर नसलेला मेंदू आधी घडवावा आणि त्याला खेळ, भाषा, भाषांतर, गुप्तलेखन, गणित ही क्षेत्रे द्यावीत, असा त्यांचा कौल होता.

संगणकशास्त्रात ज्याला इंटेलिजंट एजंट म्हणतात, त्याची ठेवण येथे दिसते. एजंट म्हणजे भोवतालची स्थिती जाणून घेणारी आणि उद्दिष्टानुसार त्या भोवतालावर कृती करणारी कोणतीही यंत्रणा. इमारतीच्या गच्चीवरील टाकीतील पातळी पाहून पंप सुरू-बंद करणारे उपकरण हाही अगदी प्राथमिक एजंटच. त्याचे डोळे म्हणजे टाकीतला तरंगता गोळा, हात म्हणजे पंपाची कळ आणि नियम एकच. त्याला बुद्धिमान कोणी म्हणणार नाही. पण तेच उपकरण रोजच्या वापराचा अनुभव लक्षात ठेवू लागले, पाणीकपातीच्या दिवशी आधीच टाकी भरून ठेवू लागले, एखादे वेळी अंदाज चुकल्यावर पुढच्या वेळी तो सुधारू लागले, तर? आत कोणते मन आहे हे न विचारता, भोवताल, उद्दिष्ट आणि कृती यांवरून बुद्धी जोखायची, ही या शाखेची रीत आहे. एजंट हीच संकल्पना केंद्रस्थानी धरून सारा विषय मांडणारे स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्व्हिग यांचे पाठ्यपुस्तक १९९५ मध्ये आले आणि जगभरच्या वर्गांत रुळले. आपले नाव आज ज्या परीक्षेला चिकटले आहे तिच्यात ट्युरिंग यांनी हीच रीत वापरली होती.

ही परीक्षा आली ती १९५० मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात. तोवर ट्युरिंग मँचेस्टर विद्यापीठात गेले होते. तेथीलच मेंदूशल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी १९४९ मधील व्याख्यानात यंत्राच्या बुद्धीवर झोड उठविली होती. भावना अनुभवून सुनीत किंवा संगीतरचना करणारे यंत्र दाखवा, मगच ते मेंदूच्या बरोबरीचे मानू, असा त्यांचा आक्षेप होता. ट्युरिंग यांनी त्याला दिलेले उत्तर मार्मिक आहे. आतून अनुभवल्याशिवाय मानायचेच नाही ठरविले, तर शेजारचा माणूस विचार करतो हेही आपल्याला कधी मानता येणार नाही. माणसांच्या बाबतीत आपण हा अडसर शिष्टाचार म्हणून बाजूला ठेवतो. मग यंत्राच्या बाबतीतच तो का पुढे करायचा?

म्हणून त्यांनी खेळ सुचविला. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र. परीक्षक टंकलिखित प्रश्न विचारणार आणि कोण कोणता ते ओळखणार. सुमारे ५० वर्षांत पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला अचूक ओळखण्याची संधी ७० टक्क्यांहून अधिक राहणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. निबंधाच्या शेवटच्या भागात, ज्याची चर्चा तुलनेने कमी होते, त्यांनी प्रौढ मनाऐवजी बालमन घडविणारा कार्यक्रम लिहावा आणि बक्षीस-शिक्षेने ते मन वाढवावे, असे सुचविले. संपूर्ण निबंधात त्यांनी नऊ आक्षेप घेऊन एकेकाला उत्तर दिले आहे. त्यांत अतींद्रिय संवेदनेसारखा चमत्कारिक आक्षेपही त्यांनी गांभीर्याने घेतला, हे आज वाचताना थोडे बुचकळ्यात टाकते.

बुद्धिबळाचे स्वप्नही सुटले नव्हते. मित्र डेव्हिड चँपरनाऊन यांच्यासमवेत त्यांनी १९४८ मध्ये बुद्धिबळ खेळण्याच्या नियमांचा एक कार्यक्रम लिहिला. तो चालवू शकेल असा संगणक हाताशी नव्हता. तेव्हा १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच संगणक झाले. अ‍ॅलिक ग्लेनी या तरुण सहकाऱ्यासमोर बसून, कागदावरील नियम तंतोतंत पाळत, एकेका चालीला अर्धा-अर्धा तास हिशेब करीत ते खेळले. यंत्राच्या कार्यक्रमाने २९ व्या चालीला हार पत्करली. चालींबाबत स्वतःची अक्कल वापरण्याचा मोह या खेळात त्यांना टाळावा लागला. जन्मभर नियमांच्या पलीकडचे शोधणाऱ्या माणसाला हे जड गेले असणार.

त्याच वर्षाच्या आरंभी त्यांच्या घरी चोरी झाली. मँचेस्टरमधील एका तरुणाशी त्यांचे संबंध होते आणि चोर त्या तरुणाच्या ओळखीचा होता. ट्युरिंग पोलिसांकडे गेले ते फिर्यादी म्हणून. चौकशीत त्यांनी ते संबंध लपविले नाहीत आणि फिर्यादीचा आरोपी झाला. पुरुषांमधील संबंध हा १८८५ च्या कायद्याने गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी न्यायालयाने त्यांच्यापुढे तुरुंग किंवा वर्षभराची संप्रेरकांची औषधे, असा पर्याय ठेवला. त्यांनी औषधे पत्करली. शरीर बदलू लागले, छाती वाढली. गुप्त कामासाठी लागणारी सरकारी मान्यता काढून घेण्यात आली. युद्धात त्यांनी काय केले हे न्यायालयाला सांगणे त्यांना शक्यच नव्हते, कारण ती सारी माहिती गोपनीय होती.

एवढे होऊनही काम थांबले नाही. वनस्पती आणि प्राण्यांच्या अंगावरील ठिपके, पट्टे, पाकळ्यांची मांडणी रसायनांच्या परस्परक्रियेतून कशी उमटत असेल, यावरील त्यांचा निबंध १९५२ मधलाच आणि जीवशास्त्रात तो आजही वाचला जातो. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी मोलकरणीला ते बिछान्यात मृतावस्थेत आढळले. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते, पण त्याची तपासणी कोणी केली नाही. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईने तो कधी मान्य केला नाही. घरातल्या रासायनिक प्रयोगांत झालेला हा अपघात होय, असे त्या अखेरपर्यंत म्हणत राहिल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. ब्लेचलीतील कामगिरीचे तपशील त्या पुस्तकात येऊ शकले नाहीत. ते उघड व्हायला १९७० चे दशक उजाडले.

ब्रिटिश सरकारच्या वतीने पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २००९ मध्ये जाहीर माफी मागितली. २०१३ च्या अखेरीस शाही क्षमापत्र निघाले. अशाच कायद्यांखाली शिक्षा झालेल्या इतर हजारो पुरुषांसाठी मात्र २०१७ पर्यंत थांबावे लागले. नामवंताला आधी आणि बाकीच्यांना नंतर, हा क्रम खटकणाराच आहे. ज्या हिंदुस्थानच्या सेवेत ट्युरिंग यांचे वडील अनेक वर्षे राहिले, तेथे ब्रिटिशांनीच १८६० मध्ये दंडसंहितेत घातलेल्या ३७७ व्या कलमातील प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरविणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविला.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव ट्युरिंग यांच्या कानी कधी पडले नाही. जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी ते १९५५ मध्ये डार्टमथ येथील नियोजित परिषदेच्या प्रस्तावात वापरले. पण बुद्धिबळाच्या गप्पांतला तरुण, डोनाल्ड मिकी, हा धागा सोडायला तयार नव्हता. फुली-गोळ्याचा खेळ शिकणारे यंत्र त्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी ३०४ काडेपेट्यांतून बनविले. प्रत्येक पेटी म्हणजे पटावरची एक स्थिती, आतले रंगीत मणी म्हणजे संभाव्य चाली. डाव जिंकला की वापरलेल्या रंगाचे मणी वाढवायचे, हरला की काढून घ्यायचे. काही डाव हरल्यानंतर काडेपेट्या चांगल्या खेळू लागल्या.

संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार १९६६ पासून ट्युरिंग यांच्या नावाने दिला जातो. १९९४ मध्ये तो राज रेड्डी यांना एडवर्ड फाइगेनबाउम यांच्यासमवेत मिळाला. रेड्डी यांचा जन्म जुन्या मद्रास इलाख्यातील, आजच्या आंध्र प्रदेशातील कातूर गावचा. पडद्याआडच्या खेळाचे भाकीत २००० साली खरे ठरले नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी घेतलेल्या पाच मिनिटांच्या चाचणीत एका भाषिक प्रारूपाला परीक्षकांनी ७३ टक्के वेळा माणूस समजले. त्याला विचार म्हणायचे की नक्कल, यावरचा वाद जेफरसन यांच्या वेळी होता तेवढाच तीव्र आहे. बालमनाला बक्षीस आणि शिक्षा देऊन शिकविण्याच्या पद्धतीला गणिती रूप देणारे अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.